मैदानात आता शुभंकरोती म्हणायची का?

जुना राइटबॅक

परवा इथेच एकाने लिहिलं की लंडनच्या टॉटनहॅम (म्हणजेच स्पर्स) क्लबचे जे प्रेक्षक अजूनही 'यिड आर्मी' म्हणून ओरडतात ('यिड' ही ज्यूंना हिणवायची शिवी) ते सगळे ज्यूद्वेष्टे आहेत, आणि क्लबनेच २०२२ मध्ये 'आता हा शब्द सोडा' म्हटल्यावर वाद कसला? तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो मारुतीच्या शेपटीसारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

वाद असा, की तो शब्द मुळात फेकला कुणी? सत्तर-ऐंशीच्या दशकात चेल्सी आणि वेस्ट हॅम या लंडनमधल्याच क्लबांचे लोक स्पर्सच्या स्टँडकडे बघून ही शिवी हासडायचे, कारण उत्तर लंडनमधले बरेच ज्यू स्पर्सचे. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या, ज्यू नसलेल्या पोरांनी 'आम्ही त्यातले नाही हो' म्हणून अंग काढून घेतलं नाही. 'हो, आहोत आम्ही यिड, बोला!' असं म्हणाले. फेकलेला दगड उचलून त्यांनी खिशात घातला. हा द्वेष?

२०१३ मध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, जाहीर केलं की हा शब्द वापरणं गुन्हा ठरू शकतो. तिघांना अटक झाली. खुद्द पंतप्रधान कॅमेरून म्हणाले की स्वतःला म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याला हिणवणं वेगळं. २०१४ मध्ये खटले मागे घेतले. २०२० मध्ये ऑक्सफर्ड कोशाने त्या शब्दाखाली 'टॉटनहॅमचा समर्थक' हाही अर्थ घातला. आता कोशवालेही ज्यूद्वेष्टे का?

आणि हे लोण सगळीकडे आहे. २०२० च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडचा उरुग्वेयन खेळाडू कवानी बदली म्हणून उतरला, साउथॅम्प्टनला दोन गोल मारून युनायटेडला ३-२ जिंकून दिलं. मित्राने इन्स्टाग्रामवर अभिनंदन केलं, याने लिहिलं 'ग्रासियास, नेग्रितो'. शब्दशः 'धन्यवाद, काळ्या', पण उरुग्वेत याचा अर्थ 'थँक्यू रे राजा' एवढाच. शिक्षा काय, तर तीन सामने बंदी आणि एक लाख पौंड दंड. तिथल्या भाषा-अकादमीला निषेधाचं निवेदन काढावं लागलं.

आमच्या टीममध्ये लेफ्टबॅकला आम्ही काळ्या म्हणायचो. कोच म्हणायचे, त्याचा सख्खा भाऊ म्हणायचा. 'काळ्या, मागे!' एवढं ओरडलं की भागायचं. खरं नाव चार अक्षरी, ते पुरं होईपर्यंत विंगर निघून गेलेला असायचा. आजही ग्रुपवर तो काळ्याच. वीस वर्षांत त्याने एकदाही तोंड वाकडं केलेलं नाही. ज्याला म्हणतात त्याची हरकत नाही आणि तिसऱ्याच्याच पोटात दुखतंय.

उत्तर स्टँड

राइटबॅक, लेख खुसखुशीत आहे, पण त्यात एकही ज्यू माणूस नाही. कॅमेरून आहेत, कोश आहे, तुमचा लेफ्टबॅक आहे.

मी त्या भागात सहा वर्षं काढली. ऑफिसातला एक सहकारी ज्यू, लहानपणापासून वडिलांबरोबर स्पर्सला जाणारा. एकदा बाहेरची मॅच बघून आम्ही ट्रेनने परतत होतो. डब्यात आमचेच तीस-चाळीस जण 'यिड आर्मी'च्या घोषणा देत होते, हाही हसत होता. पुढच्या स्टेशनवर दुसऱ्या टीमचे दहा-बारा चढले. दोन मिनिटं शांतता. मग दातांतून 'स्स्स्स' सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो गॅस सोडल्याचा आवाज आहे. गॅस चेंबरचा. २०१२ मध्ये वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांनी भर स्टेडियममध्ये हेच केलं होतं.

आमच्या त्या तीस-चाळीस जणांनी मफलर काढून बॅगेत टाकले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. विषय संपला. माझ्या मित्राने काय काढून बॅगेत टाकायचं होतं?

डेव्हिड बडील हा विनोदकार (स्वतः ज्यू, चेल्सीचा) २०११ पासून हेच सांगतोय: स्पर्सचे बहुसंख्य प्रेक्षक ज्यू नाहीत, मग शिवी 'परत घेणारे' ते कोण? दगड खिशात घातला म्हणता, पण तो लागला कुणाला?

जुना राइटबॅक

किस्सा अंगावर आला, मान्य. पण गुन्हेगार 'स्स्स्स' करणारे आहेत ना? मग बंदी गाणाऱ्यांवर का? चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि त्या मित्राने 'हा शब्द बंद करा' असं म्हटलं का? की तेही तुम्हीच त्याच्या वतीने ठरवलंत? सहा वर्षं लंडनला राहिलात म्हणून सगळ्या ज्यूंचं वकीलपत्र मिळत नाही.

उत्तर स्टँड

वकीलपत्र नको मला. त्याने काय म्हटलं ते ऐका, तुमच्याही सोयीचं आहे. त्याच्या वडिलांना ती घोषणा फार आवडायची. शाळेत त्याच शब्दाने मार खाल्लेला माणूस. हजारो अनोळखी लोक तोच शब्द छाती काढून ओरडतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते रडले होते म्हणे. मुलाला मात्र ती नको वाटते. घरात दोघांचं यावर कधी जमलं नाही.

क्लबने २०१९ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा तेवीस हजारांवर उत्तरं आली. जवळजवळ निम्म्यांनी हे कमी व्हावं किंवा थांबावं असं सांगितलं. म्हणजे हा 'तिसऱ्याच्या पोटात दुखतंय' असला प्रकार नाही, घरातलंच भांडण आहे.

लाल-काळा

धागाकर्त्याने दक्षिण अमेरिकेला हात घातलाच आहे तर पुरता घालावा.

अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबला 'कोंबड्या' म्हणतात. १९६६ च्या लिबर्तादोरेसच्या (दक्षिण अमेरिकेतली क्लबांची स्पर्धा) निर्णायक सामन्यात उरुग्वेच्या पेन्यारोलविरुद्ध २-० वरून ४-२ हरले, नंतरच्या एका लीग मॅचला कुणीतरी मैदानात खरी कोंबडी सोडली, तेव्हापासून. त्यांचे कट्टर वैरी बोकावाले म्हणजे 'शेणातले'. दोघांनीही ती नावं स्वतःच्या गाण्यात घेतली. फारच गोड, कारण कोंबडी म्हटल्याने कुणाला कधी घर भाड्याने मिळायचं राहिलेलं नाही.

आता खरं उदाहरण. ब्राझीलमधल्या फ्लामेंगो क्लबच्या प्रेक्षकांना 'उरुबू' म्हणायचे, म्हणजे गिधाड. कारण प्रेक्षक गरीब आणि काळे. उघड वर्णद्वेष. १९६९ मध्ये बोताफोगोविरुद्धच्या मॅचला याच प्रेक्षकांतल्या काही पोरांनी एक जिवंत गिधाड पकडून पायाला क्लबचा झेंडा बांधून मराकाना स्टेडियममध्ये सोडलं. ते पठ्ठं भर मैदानात उतरलं. अख्खं स्टेडियम 'उरुबू, उरुबू' ओरडायला लागलं, फ्लामेंगो २-१ जिंकला, आणि गिधाड क्लबचं चिन्ह झालं. आधी पॉपाय होता, तो बिचारा गेला पालक खायला.

राइटबॅक, तुमच्या बाजूचा सगळ्यात तगडा दाखला मी फुकट दिला. पण गिधाड कुणी सोडलं ते बघा. ज्यांना म्हणायचे त्यांनीच सोडलं.

जुना राइटबॅक

दाखला द्यायचा आणि वर त्याला सुरुंगही लावायचा. धन्यवाद.

शिट्टीवाला

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर एक प्रश्न. जगातल्या प्रत्येक स्टेडियममध्ये दर शनिवारी-रविवारी रेफरीच्या आईचा उद्धार होतो. तिच्यासाठी कुणी धागा काढलाय?

अकरा वर्षं शिट्टी वाजवली आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती, मी एक पेनल्टी दिली नाही. टचलाइनवरून एका खेळाडूचे वडील जे काही बोलले ते इथे लिहिलं तर खातं उडेल. ते नाही लागलं. लागलं ते हे, की त्यांचा मुलगा माझ्याजवळून पळताना हळूच 'सॉरी सर' म्हणाला. चौदा वर्षांचं पोर.

आणि रेफरी चुकला की मात्र जग पेटतं. २०२० च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तिथल्या पीएसजीची तुर्कस्तानच्या बाशाकशेहिरशी मॅच. चौथा पंच रुमानियन. बाशाकशेहिरच्या बाकावरून त्यांचा सहायक कोच वेबो आरडाओरडा करत होता. बाकावर दहा माणसं. कोण, असं मुख्य पंचाने विचारल्यावर हा आपल्या भाषेत म्हणाला, 'तो काळा.' रुमानियनमध्ये 'नेग्रू' म्हणजे काळा रंग, शिवी नाही. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू गेला. दोन्ही टीम मैदान सोडून गेल्या, मॅच दुसऱ्या दिवशी नवे पंच आणून पुरी केली. त्या चौथ्या पंचाला पुढे युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) हंगाम संपेपर्यंत बाहेर बसवलं. माणूस दाखवायचा कसा, सांगा ना. जर्सी नंबर बाकावर दिसत नाही.

रात्रपाळी

शिट्टीवाले दादा, त्याच रात्री बाशाकशेहिरच्या डेम्बा बा या काळ्या खेळाडूने त्या पंचासमोर उभं राहून जे विचारलं ते तुम्ही गाळलंत. गोऱ्या माणसाकडे बोट दाखवताना तुम्ही 'तो गोरा' म्हणत नाही, 'तो माणूस' म्हणता. मग आमच्याच वेळी 'तो काळा' का? मी ती मॅच लाइव्ह बघत होते. रिकाम्या स्टेडियममध्ये तो प्रश्न घुमला आणि चौथ्या पंचाकडे उत्तर नव्हतं.

रेफरीच्या आईबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यातही शिवी रेफरीला आणि उद्धार आईचाच, हे लक्षात घ्या.

राइटबॅक काका, 'आमच्याकडे त्याचा अर्थ तसा नाही' हे मेक्सिकोनेही सांगून बघितलं. समोरच्या गोलकीपरने गोलकिक मारली की अख्खं स्टेडियम 'पुतो' ओरडतं. समलिंगी पुरुषासाठीची शिवी आहे ती. २०१४ च्या विश्वचषकात फिफानेही 'या संदर्भात अपमानास्पद नाही' म्हणून सोडून दिलं. नंतर डोळे उघडले, दंडावर दंड झाले, २०२१ मध्ये घरची मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावी लागली, आणि २०२३ मध्ये लास वेगासला अमेरिकेविरुद्धच्या सेमीफायनलला पंचाने वेळ पुरी होण्याआधीच शिट्टी वाजवून मॅच संपवली. तरी घोषणा चालूच. 'गंमत आहे हो' म्हणणारे सगळे स्टँडमध्ये असतात.

जुना राइटबॅक

काका कुणाला म्हणतेस? असो.

मेक्सिकोचं सोडा, ती सरळ शिवी आहे, मी तिची बाजू घेतलीच नव्हती. माझा मुद्दा कवानी. त्याने कुणाला हिणवलं? मित्राला! मित्राची तक्रार? शून्य! स्पॅनिश न कळणाऱ्या चार लोकांनी लंडनमध्ये बसून ठरवायचं? उद्या माझं 'काळ्या' भाषांतर करून कुणी दंड लावेल.

आणि 'ज्यांना म्हणतात त्यांनीच परत घ्यावं' हा तुमचा लाडका नियम. २०१२ मध्ये रिओ फर्डिनंडला ४५,००० पौंड दंड झाला तो कशासाठी? अॅशली कोल या दुसऱ्या काळ्या खेळाडूला कुणीतरी ट्विटरवर 'चॉक आइस' म्हटलं, म्हणजे बाहेरून काळा आणि आतून गोरा, आणि त्यावर रिओ हसला. काळा माणूस काळ्याबद्दलच्या शेऱ्यावर हसला, तरी दंड. आता बोला.

मुद्देसूद

बोलतो. रिओ कोलवर प्रेमाने हसला नव्हता. त्याचा भाऊ अँटन फर्डिनंडला वर्णद्वेषी शिवी दिल्याचा आरोप जॉन टेरीवर होता, त्या प्रकरणात कोलने टेरीच्या बाजूने साक्ष दिली होती, त्याचा तो राग. 'तू आपल्यातला नाहीस' असं ठरवण्यासाठी घातलेली शिवी होती ती. आपल्यातल्याने घातली म्हणून तिची धार बोथट झाली नाही, उलट वाढली.

आणि स्पॅनिश न कळणारे वगैरे म्हणताय ते निदान सुआरेझच्या बाबतीत तरी खोटं आहे. लिव्हरपूलचा उरुग्वेयन सुआरेझ युनायटेडच्या एव्हराला मैदानात 'नेग्रो' म्हणाला होता, त्या प्रकरणाचा एफएच्या समितीचा ११५ पानी निकाल मी वाचलाय. (हो, सगळा. सुट्टी होती.) त्यात स्पॅनिशच्या दोन तज्ज्ञांना विचारलंय. त्यांचं म्हणणं, 'नेग्रो' हा शब्द उरुग्वेत लाडाचाही असतो. सुआरेझ सांगतो तसं घडलं असेल तर तो आक्षेपार्ह ठरणार नाही, एव्हरा सांगतो तसं घडलं असेल तर ठरेल. म्हणजे भांडणात, चिमटे काढत, समोरच्याला डिवचायला. समितीने एव्हराचं खरं मानलं: आठ सामने, ४०,००० पौंड.

तेव्हा कवानीला दंड जरा जास्तच झाला असं माझंही मत आहे. हे तुमच्या बाजूने लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

जुना राइटबॅक

ऐका! मुद्देसूदांनी मान्य केलं! धाग्याला हार घाला कुणीतरी.

लाल-काळा

हार राहू दे. तुम्ही कवानीच्या मित्राची तुलना तुमच्या लेफ्टबॅकशी करताय तिथेच घोळ आहे. ते दोघं समोरासमोरचे मित्र. तुमचा लेफ्टबॅक एकटा आणि म्हणणारे सतरा जण, वर कोच. टीममध्ये कुणाला 'गोऱ्या' म्हणायचात?

जुना राइटबॅक

एकाला 'जाड्या' म्हणायचो, एकाला 'चष्म्या', मला 'ढापण्या'. रडलं नाही कुणी. टीम म्हणजे पाळणाघर नव्हे. तुमच्या पिढीला शब्द लागतात, आम्हाला बूट लागायचे.

बाकावरचा

सहसा इथे फक्त वाचतो. आज राहवत नाही.

मी आमच्या टीममधला काळ्या होतो. राइटबॅक यांच्या नाही, दुसऱ्या. पण तो असतोच प्रत्येक टीमला एक.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी तेरा वर्षांचा. सरावाला उतरलो, संध्याकाळची वेळ, दिवे लागले नव्हते. आमचा कॅप्टन म्हणाला, 'अरे दात दाखव, दिसत नाहीयेस.' सगळे हसले. मी काय केलं? दात दाखवले. आणखी हसले. त्या दिवशी माझी टीममध्ये निवड झाली असं मला वाटलं. झालीच म्हणा, कारण त्यानंतर कुणी मला वगळलं नाही. नऊ वर्षं खेळलो.

तोंड वाकडं का केलं नाही, तर तोंड वाकडं करणाऱ्याला पास मिळत नाही. एवढं साधं आहे ते. आमच्यात एक होता, त्याने एकदा कोचला सांगितलं की मला नावाने हाक मारा. कोचने मारली. चांगला माणूस होता. पण मग सगळेच त्याला पूर्ण नाव, आडनावासकट, वर 'साहेब' लावून हाक मारायला लागले. महिन्याभरात तो सोडून गेला. मी बघत होतो. मीही 'साहेब' म्हणत होतो.

आता 'परत घेण्या'बद्दल. मी स्वतःही घेतला तो शब्द. गोल मारला की धावत जाऊन 'काळ्याने मारला!' असं मीच ओरडायचो. खोटा आनंद नव्हता तो. पण टीम सुटली, नोकरीला लागलो, तिथे कुणी काळ्या म्हणत नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली आणि मी वळलोच नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणाला हाक मारतायत.

राइटबॅक, तुमच्यावर राग नाही. तुमच्या लेफ्टबॅकचं वेगळं असेलही. पण 'वीस वर्षांत तक्रार नाही' हा पुरावा नाही, एवढंच.

शिट्टीवाला

बाकावरचा, मॅचच्या आधी कार्डावर नावं लिहून घेताना मी दोनदा 'काळ्या' हे नाव म्हणून लिहिलंय. समोरच्या पोराने तेच सांगितलं होतं. आत्ता आठवलं.

रात्रपाळी

बाकावरचा, लिहीत राहा.

राइटबॅक काका, आता पुढचा बचाव 'मी तर प्रेमाने म्हणायचो' असा असेल का?

जुना राइटबॅक

हो, प्रेमानेच म्हणायचो! खोटं बोलू का? त्याच्या पायाला प्लॅस्टर होतं तेव्हा दीड महिना मी त्याला पाठीवर घेऊन जिना चढवलाय. त्याच्या लग्नात मी राबलोय. इथे कुणीतरी एक अनुभव लिहितो आणि मी एकदम खलनायक?

बाकावरचा, तुमचं वाचून वाईट वाटलं. मनापासून. पण प्रत्येक हसणाऱ्याच्या पोटात काटा असतो असं धरून चाललं तर माणसाने तोंडच उघडू नये. स्पर्सचा तो म्हातारा बाप रडला तो आनंदाने रडला, हे उत्तर स्टँडनेच लिहिलंय, मी नाही. त्याचा आनंद कुणी मोजायचा?

उत्तर स्टँड

त्याचा आनंद खराच. तो गेल्यावर मुलाने सीझन तिकीट ठेवलं आहे, घोषणा सुरू झाली की तो चहा आणायला जातो. हा माझ्याकडचा शेवटचा मुद्दा.

आणि एक सवलत देतो, नाक मुरडत: क्लबने शब्द सोडा म्हणून विनंती केली, पोलिस पाठवले नाहीत, हे मला योग्य वाटतं. २०१३ च्या त्या अटका मूर्खपणाच्या होत्या. तुमचं तिथे बरोबर होतं. बाकी सगळीकडे चूक.

मुद्देसूद

राइटबॅक, एवढं तावातावाने लिहिताय तर लेफ्टबॅकला फोन करून विचारत का नाही? ११५ पानं वाचण्यापेक्षा सोपं आहे.

जुना राइटबॅक

केला. आत्ताच. हसू नका.

म्हटलं, तुला आम्ही काळ्या म्हणायचो ते तुला कसं वाटायचं रे? दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, 'रात्री साडेअकराला हे विचारायला फोन केलास?' म्हटलं, हो. म्हणाला, 'पोरगी झोपली आहे शेजारी, उद्या बोलू.'

झालं तुमचं समाधान? नाराज वगैरे काही नव्हता. नेहमीसारखाच बोलला.

लाल-काळा

'उद्या बोलू'ला किती दिवस झाले?

जुना राइटबॅक

तीन. कामात असेल. लेकीची परीक्षा आहे त्याच्या.

रात्रपाळी

काका, एकच विचारते. फोन लावताना नंबर कोणत्या नावाने शोधलात?

जुना राइटबॅक

धागा टॉटनहॅमच्या घोषणेवर आहे. कृपया अवांतर टाळावं.